मापावरची मूठ

आमच्या घरी भात वाढत नसत, तोलत असत. निदान एका ताटापुरता तरी. ते ताट माझ्या वडिलांचं होतं.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात कारकून होते आणि आम्ही बुवापाड्याच्या अलीकडे दोन खोल्यांत राहत होतो. आम्ही म्हणजे आई, वडील, मी आणि वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या. ती विधवा होती, लेक बदलापूरजवळ शिरगावात शेतकरी घरात दिलेली, म्हणून आमच्याकडेच असायची. वडिलांना मधुमेह निघाला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. कल्याणच्या डॉक्टरांनी रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन सांगितलं आणि सोबत जेवणाचा तक्ता दिला. त्यात कॅलऱ्या होत्या. हा शब्द आमच्या घरात तेव्हाच पहिल्यांदा शिरला आणि आत्याला तो शिवीसारखा वाटला.

डॉक्टरांनी आईला समोर बसवून समजावलं, "बाई, एका पारड्यात इंजेक्शन आणि दुसऱ्यात जेवण. दोन्ही सारखी राहिली पाहिजेत. जेवण जास्त झालं तर साखर चढेल, त्यावर आपल्याला उपाय करायला वेळ मिळेल. जेवण कमी पडलं तर साखर एकदम उतरेल, आणि तिथे वेळ मिळत नाही. घाम फुटला, हात थरथरले, माणूस बरळायला लागला, की आधी तोंडात साखर घाला आणि मग मला बोलवा."

वडिलांनी तराजू आणला तो कॅम्पातून. उल्हासनगरला तेव्हा आम्ही सगळे कॅम्पच म्हणायचो. सिंधी दुकानदारानं विचारलं म्हणे, "बाबूजी, सोना तोलोगे क्या?" वडील म्हणाले, "नहीं साईं, भात." त्यानं पितळेची वजनं पुसून दिली आणि वर सांगितलं, "फिर तो भात सोने से महँगा पड़ेगा." घरी येऊन वडिलांनी हे हसत हसत सांगितलं. त्या तराजूबद्दल ते हसले, ते तेवढंच.

माझी आई मुळातच काटेकोर. गच्चीवर पापडसुद्धा ओळीनं वाळत घालणारी बाई. तिच्या हाती तराजू आला आणि मग काय विचारता. भात शिजून निवला की ती तो काट्यावर घालायची, काटा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास रोखून बघायची. चार शितं जास्त झाली तर चार शितं काढायची. ताट भरून झालं की ते बाहेर न्यायचं काम आत्याचं. भावाला ताट मीच देणार, हा तिचा हट्ट होता आणि आईनंही त्यात कधी मोडता घातला नाही.

आत्याला ते तोलणं बघवत नसे. "जेवणाऱ्याचे घास मोजू नयेत गो," ती मला सांगायची. "खळ्यावर बघ. भात मापून झाला की वर एक मूठ टाकतात. मापलेलं अन्न तसंच घातलं तर ते अंगी लागत नाही, माणसाला लागतं."

आणि ती मूठ ती टाकत होती. आई पाणी ठेवायला वळली, की आत्या ताट उचलायची आणि उचलता उचलता पातेल्यातला मूठभर भात वरणाखाली दाबायची. सकाळ-संध्याकाळ, न चुकता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आईला तर नव्हतंच. वडिलांना कळत नसेल असं मला आता वाटत नाही. पण भुकेलेला माणूस ताटातल्या भाताची चौकशी करत नाही.

लघवी तपासायचं काम माझ्याकडे होतं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, विटकरी असं चढत गेलं तर साखर तितकी जास्त. आमची नळी रोज विटकरी व्हायची. आई रडकुंडीला यायची. डॉक्टरांनी विचारलं, "घरात चोरून खातात का?" वडिलांनी शपथ घेतली की बाहेरचा कणही तोंडात घालत नाही. ते खरंच होतं. मग डॉक्टरांनी इंजेक्शन वाढवलं. तरी नळी पिवळी. पुन्हा वाढवलं. होता होता नळी हिरव्यावर आली आणि डॉक्टर म्हणाले, आता बरं आहे, एवढंच चालू ठेवा.

पारडी बरोबर झाली होती. फक्त त्यातल्या एका पारड्यात आत्याची मूठ होती आणि ती कुणीच हिशोबात धरली नव्हती.

आत्याच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि आत्या शिरगावला गेली. जाताना तिनं आईला इतकंच सांगितलं, "त्याला पोटभर घाल." आई हो म्हणाली आणि तिनं तक्त्याप्रमाणे तोललं. ताट आता तीच बाहेर नेऊ लागली.

पहिल्याच दिवशी नळी निळी राहिली. स्वच्छ निळी. मी ती दाराशी नेऊन उजेडात आईला दाखवली. आईनं देवापुढे साखर ठेवली आणि मला दिली. "बघ, नेमानं केलं की होतं," ती म्हणाली. इतकी खूश ती बऱ्याच दिवसांत झाली नव्हती.

वडील मात्र बिघडले. एरवी शांत माणूस, पण सदरा सापडला नाही म्हणून माझ्या अंगावर ओरडले. कपाळ सारखं ओलं. चहाची कपबशी हातात खुळखुळायची. दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवून उठायच्या आधी ते ताटाकडे बघत म्हणाले, "अगं, आणखी थोडा भात वाढ."

"तक्त्यात नाही," आई म्हणाली.

"थोडाच. भूक भागली नाही. हे बघ, हात कसे कापतायत."

यात एक गोम होती. गोडासाठी वडिलांनी हे सोंग पूर्वी केलेलं होतं. एकदा संक्रांतीला हात थरथरवून त्यांनी आईकडून गूळ उकळला होता आणि नंतर मला डोळा मारला होता. आईनं ते पाहिलं होतं. त्यामुळे ती आता नुसती हसली आणि म्हणाली, "अहो, पुरे झाली नाटकं. आज नळी निळी आहे. आता कुठे गाडी रुळावर येतेय." वडिलांनी ताटाला लागलेली शितं बोटानं निपटून खाल्ली, हात धुतला आणि चपलेचा अंगठा शिवून आणतो म्हणून कॅम्पाकडे चालत निघाले. उन्हातून.

संध्याकाळ झाली तरी ते आले नाहीत. आई दारात आणि घरात अशी येरझारा घालत होती. तिनं तराजू उचलून फळीवर ठेवला, पुन्हा खाली घेतला. मला म्हणाली, "दुपारी त्यांच्या कपाळावर घाम होता ना?" मी होता म्हटलं. ती खालीच बसली.

पुढचं आम्हाला शेजाऱ्यांनी सांगितलं. नाल्याजवळच्या रस्त्यावर वडील झोकांड्या खात चालले होते, मधेच हसत होते, काहीबाही बोलत होते. दारूबंदीचे दिवस, आणि त्या नाल्याकाठी हातभट्टी चालते हे पोरासोरांनाही माहीत. लोकांनी टोपीवाल्या बाबूची मजा बघितली. मग एक शिपाई आला आणि त्यांना चौकीत घेऊन गेला. "झोपू दे, उतरेल," म्हणून बाकावर झोपवलं. कुणी वाईट हेतूनं केलं नाही. कुठल्याही टपरीवर मिळाली असती अशी मूठभर साखर पुरली असती. पण दारू प्यायलेल्याला साखर कोण देतो? दिवेलागणीला कारखान्यातल्या एकानं त्यांना ओळखलं, तोवर ते हाकेला ओ देत नव्हते.

कल्याणला नेल्यावर डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. वडील जागे झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. डॉक्टरांनी आईला विचारलं, "बाई, जेवणात काही बदल केलात?" ती म्हणाली, "नाही हो. शितभरसुद्धा नाही." ती हे पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि डॉक्टर मान खाली घालून ऐकत राहिले.

आत्या आली ती ऊर बडवतच. सुतकात ती आणि आई एका भिंतीला टेकून बसलेल्या असताना ती आईला म्हणाली, "मी रोज त्याच्या मापावर मूठ टाकत होते. दोन्ही वेळा. मी गेले आणि तुझं मोजलेलं तसंच त्याच्या पोटात गेलं. तेच त्याला लागलं."

आईनं तिच्याकडे वळून पाहिलं. आईच्या डोक्यात त्या नळ्या, ती वाढत गेलेली इंजेक्शनं, तो रविवारचा भात, सगळं जागच्या जागी बसत होतं. मी लहान होते तरी मला तिचा चेहरा बघवला नाही. मला वाटलं, आता ती आत्याचा गळा धरते.

"हो वन्सं," आई म्हणाली. "तुमचंच खरं."

आत्या त्यानंतर बरीच वर्षं जगली, आमच्याचकडे. आल्यागेल्या प्रत्येकाला ती सांगायची, भावजयीनं मोजून घातलं म्हणून माझा भाऊ गेला. आई आतून ऐकायची आणि चहा घेऊन बाहेर यायची. मी कॉलेजात जायला लागले, डॉक्टरांचा हिशोब मला कळू लागला, तेव्हा एकदा माझं डोकं फिरलं. पाहुण्यांसमोर आत्याला खरं काय ते ऐकवते म्हणून मी उठले. आईनं स्वयंपाकघरातच माझा दंड धरला.

"तिला कळलं तर ती उद्यापासून जेवायची नाही," ती म्हणाली. "माझ्या हातून एक माणूस उपाशी गेलंय. आता दुसरं नको."

मग तिनं आत्याचं ताट घेतलं आणि त्यात हातानंच भात वाढला.