माझे वर्गमित्र, माझे मामाजी

फोन आला तेव्हा मी ढाणकीला होते. मी जिथे नोकरी करते त्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांची बैठक चालू होती, हळद कुठे साठवायची यावरून दोन गटांत जुंपली होती आणि मी मधे उभी राहून दोघांनाही खाली बसवत होते. नवऱ्याचं, मिलिंदचं नाव फोनवर पुन्हा पुन्हा दिसायला लागलं तशी बाहेर आले. "अर्चना, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. जेवून उठले, अंगणातल्या खुर्चीवर टेकले, आणि... बस्स. परतताना गाडीच्या ड्रायव्हरनं हळूच विचारलं, "म्याडम, कोण होते तुमचे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "वर्गमित्र." त्यानं आरशातून चमकून माझ्याकडे पाहिलं. मग मी म्हटलं, "सासरे." दोन्ही खरंच होतं.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. माझे मामाजी, देवरावजी, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कापडगिरणीत स्टोअरकीपर होते आणि तिथूनच निवृत्त झाले. नोकरी करता करता त्यांनी बाहेरून बी.ए. केलं होतं. मिलिंद राजूरच्या कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन, सुट्टीलाच घरी यायचा. लोहाऱ्याच्या घरात मामाजी, सासूबाई, मी आणि माझी लेक. लेक शाळेत जायला लागली तेव्हा मी एकदा मिलिंदला म्हणाले, मला एमबीए करावंसं वाटतं. यवतमाळच्या बाहेर एक छोटं खाजगी विद्यापीठ नुकतंच सुरू झालं होतं. मिलिंद "बघू" म्हणाला. मामाजी बाजूच्या खोलीत होते. मिलिंद राजूरला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ते स्कूटर पुसून दारात उभे राहिले. "चाल."

विद्यापीठ म्हणजे उघड्या माळावर एक रंगीत इमारत आणि समोर कडुलिंबाची गुडघ्याएवढी रोपं. प्रवेशाच्या खिडकीतल्या मुलीनं मामाजींना विचारलं, "काका, तुम्ही पालक का?"

"वयाची काही अट हाये काय, बाई?"

"कोणाच्या वयाची? यांना चालेल की."

"माह्या वयाची."

मुलगी आत जाऊन विचारून आली. अट नव्हती. "मंग दोन नावं लिहा," मामाजी म्हणाले. मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी पिशवीतून आपली बी.ए.ची मार्कशीट काढली तेव्हा मी दचकले.

लोहाऱ्यात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. सुनेची राखण करायला म्हातारा कॉलेजात चालला, असं लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं थोडं ओझंही व्हायचं. पण पहिल्याच दिवशी ते पुढच्या बाकावर जाऊन बसले, मला मागे सोडून. म्हणाले, "घरी मी तुहा मामाजी. इथं मी रोल नंबर. मले मान देशीन तं दोघायचंही शिक्षण बुडन." बोलणं सोपं होतं. ज्यांच्यासमोर मी कधी खुर्चीवर बसले नव्हते, त्यांच्यासमोर माझं पहिलं प्रेझेंटेशन आलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. पडद्यावर माझी स्लाइड, समोर पस्तीस जण, आणि मला फक्त पहिल्या बाकावरचा तो पांढरा सदरा दिसत होता. मामाजींच्या लक्षात आलं. "सर, पाणी पिऊन येतो," म्हणत ते उठून गेले आणि मी संपवेपर्यंत परत आले नाहीत. घरी जाताना स्कूटरवर म्हणाले, "आज मी बाहेर गेलतो. पुढच्या टायमाले जाणार नाही. तुले माह्यासमोर बोलाच लागीन." पुढच्या वेळी ते बसून राहिले. वर माझ्या मांडणीवर हात वर करून एक लांबलचक प्रश्न टाकला. मी म्हणाले, "तुमचा प्रश्नच चुकीच्या जागी आहे," आणि का ते सांगितलं. वर्ग हसला, सगळ्यात मोठ्यानं मामाजी. घरी गेल्या गेल्या चप्पल काढायच्या आधी सासूबाईंना वर्दी दिली, "आज तुह्या सुनेनं मले भर वर्गात गप्प बसवलं!" आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा, जणू बक्षीस मिळालं.

पहिल्या सत्राचा निकाल लागला. मी पास झाले. मामाजींचं स्टॅटिस्टिक्स राहिलं. गल्लीत हसं झालं. आता मी रुळले होते, वर्गात मैत्रिणी होत्या. मी चहा देता देता म्हटलं, "मामाजी, माझ्यासाठी तुम्ही खूप केलं. आता नाही आलात तरी चालेल." त्यांनी कप खाली ठेवला.

"तुह्यासाठी? मी कायले तुह्यासाठी येईन वं? मले शिकाचं हाये."

मग त्यांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी गिरणीचं जुनं कताईखातं बंद झालं. त्यांचे कितीतरी सोबती एका दुपारी कायमचे घरी गेले. त्या निर्णयाच्या बैठकीत मामाजी सामानाच्या फायली घेऊन दाराशी उभे होते. शहरातून आलेले तरुण मॅनेजर इंग्रजीत बोलत होते, 'व्हायबल नाही' हा शब्द सारखा येत होता. बाहेर आल्यावर सोबत्यांनी विचारलं, काहून बंद केलं? मामाजींना सांगता आलं नाही. त्यांनी एका साहेबाला विचारलं, तो म्हणाला, "तुम्हाला नाही समजणार." "तवापासून," मामाजी म्हणाले, "मले त्या शब्दाच्या आत जाऊन पाह्याचं होतं. हिंमत होत नव्हती. तू निघाली, तं मी तुह्या मागं मागं आलो."

त्यानंतर मी त्यांना स्टॅटिस्टिक्स शिकवायला लागले. तेवढा वेळ ते मला "मॅडम" म्हणायचे, आणि समजलं नाही तर समजल्याचं सोंग अजिबात करायचे नाहीत. ते दुसऱ्यांदाही नापास झाले. तिसऱ्यांदा सुटले. त्या दिवशी वर्गातल्या पोरांनी त्यांना उचलून कडुलिंबाच्या रोपांभोवती फिरवलं होतं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी त्यांनी विषय घेतला तो तेच कताईखातं. जुने वार्षिक अहवाल वाचले, निवृत्त इंजिनिअरांना गाठलं, सोबत्यांच्या घरी जाऊन बसले. सगळ्यांना वाटत होतं, आता देवराव मालकाचं पितळ उघडं पाडणार. मलाही वाटत होतं. पण एक दिवस ते कागद पुढ्यात घेऊन नुसते बसून राहिले... मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अर्चना, थे खातं खरंच चालण्यासारखं नव्हतं. मशिनी मेल्या होत्या. आपला धागा बनवाले जो खर्च लागे, त्याच्याहून सस्ता धागा बाहेरून येत होता. अजून दोन वर्षं वढलं असतं तं सारी गिरणी बुडाली असती." इतकी वर्षं जो राग सांभाळला, तो असा हातातून निसटताना पाहणं सोपं नसावं. मी म्हटलं, दुसरा विषय घ्या, अजून वेळ आहे. त्यांनी मान हलवली. तोंडी परीक्षेत परीक्षकांपुढे उभं राहून त्यांनी सांगितलं, "निर्णय बरोबर होता. माणसाले समजावून न सांगता घरी धाडलं, थे चूक होतं. आन् थे आजही चूकच हाये."

मी तिथेच थांबले असते. ते थांबले नाहीत. जुन्या सोबत्यांना त्यांनी एका रविवारी अंगणात बोलावलं आणि साध्या बोलीत, सतरंजीवर बसून, सगळं समजावलं. अर्ध्यातच त्यांचे जिवलग किसनाजी उठले. "लय शिकला तू देवराव. मालकाचा माणूस झाला!" असं म्हणून निघून गेले. मामाजी त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले, पण आपला शब्द मागे घेतला नाही. कितीतरी दिवस दोघं बोलत नव्हते. तो काळ मामाजींना फार जड गेला. जेवताना मधेच थांबायचे. पुढे किसनाजी पुन्हा यायला लागले, चहा प्यायचे, त्या विषयावर मात्र कोणीच बोलायचं नाही.

मामाजींच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. वर्गातली पोरं पुण्याहून, नागपूरहून आली होती. वंदना झाली, चार जण चार शब्द बोलले, आणि कोणी सांगितलं नसताना किसनाजी काठी टेकत उठले. "मले त्यानं खोटं सांगून खूश केलं असतं," ते म्हणाले, "तं आज मी इतका रडलो नसतो." आणि खाली बसले.

परवा मी पुन्हा कामावर रुजू झाले. एमबीएनंतर मला नोकरी लागल्यापासून मामाजींची एक सवय होती. संध्याकाळी मी घरी आले की पगार, साहेब, बढती, असलं काही ते विचारायचे नाहीत. "आज काय नवीन समजलं?" एवढंच. उत्तर दिल्याशिवाय चहा पुढे सरकवायचे नाहीत, आणि "काहीच नाही" हे उत्तर त्यांना चालायचं नाही. परवा गाडी लावली, हातपाय धुतले आणि सवयीनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहिले. सासूबाईंनी चहा गाळला. आयुष्यभर त्यांनी आमच्या दोघांच्या अभ्यासाला "तुमचं कालेज" म्हणत हसून टाळलं होतं. कप त्यांच्या हातातच राहिला.

"सांग," त्या म्हणाल्या.

मी कपासाठी हात पुढे केला.

"सांग नं माय... मले समजो का न समजो. ऐकून राह्यली मी."