चौकशीच्या दिवशी आवरलेलं घर

सिंधूवहिनी गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी मृत्यूनोंदणीचा फॉर्म भरायला मी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात गेलो आणि ‘मृत व्यक्तीचे पूर्ण नाव’ या रकान्यात, अगदी सुवाच्य अक्षरात, स्वतःचंच नाव लिहून मोकळा झालो. वडिलांच्या नावासकट. खिडकीपलीकडच्या मुलीने फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फॉर्म वाचला. “काका,” ती म्हणाली, “तुम्ही तर चांगले उभे आहात.” मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. पंचवीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकुनी केलेल्या आणि आमच्या अख्ख्या भाऊबंदकीत ‘फॉर्म भरावा तर यानेच’ अशी कीर्ती असलेल्या माणसाची ही अवस्था. मी खाली मान घालून दुसरा फॉर्म घेतला. त्यावर वहिनींचं नाव लिहायला लागलो तर हात पुढे सरकेना. त्यांचं नाव मी आजवर पुष्कळदा लिहिलं होतं, पण दरवेळी ‘अर्जदार’ या शब्दासमोर...

सिंधूवहिनी म्हणजे माझा चुलतभाऊ विलासदादा याची बायको. दादा अंबडच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी कामावर निघता निघता छातीत कळ आली आणि तो दारातच गेला. मागे वहिनी, बारावी झालेली कविता आणि सातवीतली दीपा. राहायला चुंचाळ्याला पत्र्याची एक खोली, तीही भाड्याची. वहिनी एका मेसमध्ये पोळ्या लाटायला जायच्या. माहेर विंचूरकडचं, त्यामुळे बोलणं तिकडचं आणि स्वभाव मोजका. कविताचं नर्सिंगच्या यादीत नाव लागलेलं, आणि घरात रोज तोच एक विषय. वहिनी म्हणायच्या, “पोळ्यांवर घर चालंल भाऊजी, पोरीचं शिक्षान नाय चालायचं.” तेव्हा मीच सांगितलं, निराधार योजनेचा अर्ज करू, विधवा बाईला दरमहा अनुदान मिळतं, तेवढ्यात कविताचं निघून जाईल. वहिनींना ते पटेना. “सरकारापुढं हात पसरायचा?” मी म्हणालो, “हात कसला, हक्क आहे तुमचा.” असली वाक्यं मला चांगली जमतात.

मग मी कामाला लागलो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, दादाच्या मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र... सेतू केंद्रातला पोरगा मला नावाने ओळखायला लागला. फाईल अशी लावली होती की शाळा-तपासणीला येणाऱ्या साहेबांनीही मान डोलवावी. तहसीलला अर्ज गेला आणि पंधरा दिवसांनी निरोप आला, की गुरुवारी तलाठीबाई घरी चौकशीला येणार आहेत, परिस्थिती बघायला.

आता इथे आमच्या घराण्याची एक खोड सांगायला हवी. घरी कुणी येणार म्हटलं की आम्हाला घर आवरण्याचा झटका येतो. गॅसची टाकी द्यायला येणाऱ्यासाठीसुद्धा आमच्याकडे सोफ्यावरचं कव्हर सरळ केलं जातं. इथे तर साक्षात सरकार येणार होतं. गुरुवारी मी रजा टाकली आणि सकाळीच रिक्षा करून चुंचाळ्याला निघालो. रिक्षात आमचा टेबलफॅन, आमचा छोटा टीव्ही आणि एक कोरी चादर होती. मंगलने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, मला अडवलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण तिने स्वतः शोकेसमधले फुलाफुलांचे सहा कप काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिले आणि म्हणाली, “बशा मोजून परत आणा हो.”

तिथे मी दोरीवरचे कपडे काढले, धान्याचं फाटकं पोतं पडद्यामागे ढकललं, पत्र्याच्या ज्या भोकातून उजेड यायचा त्याच्यावर कॅलेंडर लावलं. कविताने चादर अंथरली, दीपाने फॅन पुसला. वहिनी कोपऱ्यात पोळपाट घेऊन उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, “भाऊजी, त्या बाई बघाया काय येनार हायेत?”

“वहिनी, तुम्ही बघत राहा. माणूस नीटनेटका दिसला की काम नीटनेटकं होतं.”

तलाठीबाई आल्या. तरुण होत्या, उन्हाने दमलेल्या. मी फॅन त्यांच्याकडे वळवला. फुलाफुलांच्या कपातून चहा, वर खोबरं-कोथिंबीर पेरलेले पोहे. त्यांनी पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले, तेव्हा मी मनात अनुदान मंजूर करून टाकलं. आणि शेवटचा घाव म्हणून, इस्त्रीच्या शर्टाची कॉलर सारखी करत मी सांगितलं, “बाई, आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणापुढे हात पसरलेला नाही. आम्ही सगळे आहोत वहिनींच्या मागे.” बाईंनी तेही वहीत लिहून घेतलं. जाताना म्हणाल्या, “घर छान ठेवलंय.” मी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून आलो आणि दारातूनच ओरडलो, “झालं काम!”

दीड महिन्याने अर्ज नामंजूर झाला. मी तावातावाने तहसीलला गेलो. तिथल्या कारकुनाने, कारकून कारकुनाला ओळखतो त्या नात्याने, फाईल माझ्यापुढे सरकवली. तलाठीबाईंच्या अहवालात दोन ओळी होत्या. घरात दूरदर्शन संच, पंखा, राहणीमान समाधानकारक. नातेवाइकांचा भक्कम आधार आहे. त्या बाईंनी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. डोळ्यांना दिसलं ते लिहिलं होतं, आणि ते मी दाखवलं होतं. तो भक्कम आधार जिना उतरून खाली आला, टपरीवर एकामागून एक दोन चहा प्यायला आणि चुंचाळ्याला जाऊन वहिनींना म्हणाला, “एक दाखला कमी पडला हो. ऑफिसं अशीच असतात.”

वहिनींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. म्हणाल्या, “बरं.”

मंगललाही मी दाखल्याचंच सांगितलं. एकदा खोटं बोललं की निदान सगळीकडे सारखं तरी बोलावं.

कविताची त्या वर्षीची ॲडमिशन गेली. ती अंबडला एका कंपनीत खोकी भरायच्या कामाला लागली. माझ्या शाळेचा रस्ता तिच्या बसस्टॉपवरून जायचा. तोंडाला स्कार्फ बांधलेली, हातात डबा घेतलेली ती पोर रोज तिथे उभी असायची आणि मी रोज, अगदी नेमाने, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखा तिकडे बघत स्कूटर पुढे काढायचो. त्या बाजूला एक पंक्चरचं दुकान होतं. वर्षभरात त्या दुकानाची पाटी मला पाठ झाली.

पुढच्या वर्षी वहिनींनी पुन्हा अर्ज केला. फॉर्म मीच भरून दिला, पण चौकशीची तारीख आली तेव्हा त्या म्हणाल्या, “या टायमाला तुमी नका येऊ भाऊजी. तुमची रजा वाया जाती.” मी सुटलो. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. या वेळी अनुदान मंजूर झालं, कविता नर्सिंगला गेली, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की या खेपेला दाखला वेळेवर मिळाला.

त्यानंतर एक बदल माझ्या लक्षात आला होता, अर्थ मात्र लागला नव्हता. आम्ही कधीही गेलो तरी वहिनी घर आवरेनाशा झाल्या. हात पिठाचे असले तर पिठाचेच, दोरीवर कपडे असले तर कपडे. “बसा, तो डबा जरा सारा तिकडं,” म्हणायच्या. मला वाटायचं, बाई थकली. गल्लीतल्या कुणा बाईकडे चौकशी यायची असली की तिथेही त्या सकाळी जाऊन बसायच्या. काय करायच्या तिथे, मी कधी विचारलं नाही. वर्षातून एकदा मात्र त्या ठेवणीतली जांभळी साडी नेसायच्या, हयातीचा दाखला द्यायला जायचं असे तेव्हा. अनुदान चालू राहायचं तर आपण जिवंत आहोत हे दरवर्षी कागदावर दाखवावं लागतं. मी चेष्टा केली, की तहसीलला काय लग्न आहे का? तर म्हणाल्या, “जित्ती हाय म्हनून सांगाया जायचं, तर जित्त्या मानसावानी दिसाया नको?” गेल्या वर्षी त्या साडीत मीच त्यांना स्कूटरवरून नेलं. बोटाचा ठसा यंत्रात उमटेना, पोळ्या लाटून लाटून रेषा पुसल्या गेलेल्या. चौथ्यांदा उमटला तेव्हा खिडकीतल्या माणसाला म्हणाल्या, “बघा, हाय का नाय!”... आणि या वर्षी साधा ताप म्हणता म्हणता, दुपारी जरा पडते म्हणून पडल्या त्या उठल्याच नाहीत.

तेरावा झाल्यावर संध्याकाळी मी आणि मंगल त्या खोलीत बसलो होतो. माणसं येऊन गेली तरी पोरींनी काही आवरलं नव्हतं. पोळपाट भिंतीला टेकलेला, लाटणं पिठाच्या डब्यावर आडवं, जिथे वहिनी ठेवायच्या तिथेच. कविता आता एका दवाखान्यात नर्स आहे, दीपा कॉलेजात. दीपा पाणी आणायला गेली तेव्हा मी कविताला म्हणालो, “तुला एक सांगायचंय. पहिल्या वेळी दाखला कमी पडला नव्हता...”

“माहितीये काका,” ती म्हणाली. “दुसऱ्या वेळीही त्याच बाई आल्या होत्या. दारातच थांबल्या. म्हणाल्या, मागच्या खेपेला इथे टीव्ही होता, विकलात का? आई पोळ्या लाटत होती. उठली पण नाही. म्हणाली, ‘बाई, मागल्या टायमाला तुमी पाह्यलं ते भाऊजींचं घर व्हतं. माझं हे.’”

मी भिंतीला टेकलेल्या पोळपाटाकडे पाहिलं.

“त्या गेल्यावर आईने आम्हाला बजावलं, काकांना हे कळू द्यायचं नाही. म्हणाली, झाकाया गेला आन सांडून बसला, पन धावला तर खरा.”

“तुझं वर्ष गेलं माझ्यामुळे.”

कविताने लाटण्यावरचं पीठ बोटाने पुसलं, मग ते लाटणं पुन्हा तिथेच आडवं ठेवलं. “वर्षाचा नाही राग आला काका. टीव्हीचा पण नाही. पण रोज बसस्टॉपवर तुम्ही तोंड फिरवून जायचात ना... त्याचा यायचा. एकदा थांबून ‘सोडू का गं’ एवढं विचारलं असतंत तरी चाललं असतं.”

यावर मला एकही चांगलं वाक्य सुचलं नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिने तो राहू दिला, एवढंच. दीपा पाणी घेऊन आली. आम्ही प्यायलो आणि निघालो.

स्कूटर त्रिमूर्ती चौकाच्या सिग्नलला थांबली तेव्हा मंगल मागून जरा पुढे वाकली. मग म्हणाली, “मलाही ठाऊक होतं.”

“काय?”

“सगळं. वहिनींनी तेव्हाच सांगितलं होतं. आणि शपथ घातली होती.”

पुढच्या सिग्नलचे मला एकाचे दोन दिवे दिसायला लागले होते. मंगलने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“अहो,” ती म्हणाली, “रडायचं असेल तर आधी गाडी बाजूला घ्या.”