गुलाबी पिलं आणि रिकामी खोली

गारखेड्यातल्या माझ्या घरमालकानं त्या माणसाला खोली नाकारली ती शनिवारी, दुपारी साडेचारच्या सुमारास. विद्यापीठाच्या नामांतरासाठी आणि नामांतराविरुद्ध शहरात मोर्चे निघत होते आणि चिकलठाण्याकडे नव्या कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट आहे.

तो माणूस कोंबडीच्या एका दिवसाच्या पिलांमधून नर आणि मादी वेगळे करायचा. शहराबाहेर नव्यानं निघालेल्या एका हॅचरीनं, म्हणजे अंडी उबवून पिलं विकणाऱ्या कारखान्यानं, सरकारी ट्रेनिंग घेतलेला म्हणून त्याला तात्पुरता घेतला होता. मी औरंगपुऱ्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि उद्योगांवरच्या पुरवणीसाठी तिथं गेलो होतो. तो मोठ्या बल्बखाली स्टुलावर बसला होता. डाव्या हातात पिल्लू घ्यायचं, हलकं दाबून त्याची घाण डब्यात पाडायची, शेपटीखालचा भाग अंगठ्यानं उघडायचा आणि आत टाचणीच्या टोकाएवढा उंचवटा आहे का बघायचं. असला तर बहुधा नर. पिल्लू डाव्या खोक्यात. नसला तर उजव्या. एका पिलाला दोन-तीन सेकंद लागत. मी विचारलं, "चुकत नाही का?" तो म्हणाला, "चुकतं की. शंभरात चार-पाच जातात इकडचे तिकडं. नाय चुकत म्हणणाऱ्याला कामावर ठेवू नये."

या कामाला तिथं 'सेक्सर' म्हणत. हा शब्द छापता येणार नाही, असं संपादकांनी सांगितलं. मी 'लिंगपरीक्षक' लिहिलं. तेही कापलं गेलं. पुरवणीत तो 'कुशल कामगार' म्हणून छापून आला. अंडी न देणाऱ्या, डाव्या खोक्यातल्या पिलांचं पुढं काय होतं, हा परिच्छेद जागेअभावी गळला. त्याच पानावर एका सिमेंट दुकानाची अर्ध्या पानाची जाहिरात होती.

त्याची अडचण वेगळी होती. अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिल्या दिवशीच बघावं लागतं. नंतर खूण पुसट होत जाते. पिलं पहाटे निघत आणि तो राहायचा वेरूळच्या पलीकडच्या एका गावात. पहिली एसटी पकडली तरी हॅचरीत पोचायला आठ वाजत. मॅनेजरनं त्याला सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. सोमवारी सहाच्या आत हजर नसला, तर पुण्याहून दुसरा माणूस यायचा होता. माझ्या शेजारची खोली रिकामी होती. मी त्याला शनिवारी घेऊन आलो.

घरमालक सरकारी कार्यालयात कारकून होता. गावाकडे त्याची शेती होती. त्यानं मला खोली दिली होती ती दोन मिनिटांत, आडनाव ऐकून. या माणसाला मात्र वेळ लागला.

"गाव कुठलं पाव्हणं?"

त्यानं सांगितलं.

"गावात घर कुण्या अंगाला?"

"शाळंच्या मागं."

"शाळा कुण्या अंगाला हाय?"

"रस्त्याच्या."

"मामाचं गाव?"

त्यानं तेही सांगितलं. त्या गावात सगळ्याच जातींचे मामा होते. आडनाव गावावरून पडलेलं होतं आणि ते कुणाचंही असू शकत होतं. चहाचा पहिला कप संपला. आत पोह्यांची फोडणी पडल्याचं आम्ही ऐकलं.

तेवढ्यात घरमालकीण टोपली घेऊन बाहेर आली. टोपलीत बारा गुलाबी पिलं होती. तीन दिवसांपूर्वी दारावर आलेल्या सायकलवाल्याकडून तिनं ती घेतली होती. त्याच्याकडे हिरवी पिलंही होती. तो म्हणाला होता, "गुलाबी मुर्गी है अम्मा, हरा मुर्गा. देख को लेव." तिनं देख को बाराही गुलाबी घेतली होती. पुढं खात्री म्हणून प्रत्येक पिलावर दोऱ्यात ओवलेली अंगठी धरली होती. अंगठी गोल फिरली तर मादी. बाराही वेळा गोल फिरली होती.

"भाऊ, तुमी यातलेच ना?" ती म्हणाली. "बघा बरं, कोंबड्याच हायेत का समद्या?"

त्यानं एक पिल्लू उचललं, उलटं केलं, उजेडाकडे धरलं आणि परत ठेवलं.

"आता नाय सांगता यायचं, वैनी. येळ गेली."

"अंगठीनं तर सांगितलं!"

"मग अंगठीला इचारा. मला नाय दिसत तर मी कसं सांगू?"

घरमालक माझ्याकडे बघून हसला. "सरकारी टरेनिंग घेतलेला माणूस, अन् एवढं कळंना!" मग त्याच्याकडे वळून त्यानं विचारलं, "शिक्षण कुठवर?"

"बीएस्सीचं एक वरीस."

"कुण्या विद्यापीठातून?"

शहरात विद्यापीठ एकच होतं. आमच्या दैनिकात त्याचं नाव छापायला बंदी होती. एक नाव छापलं तर एका बाजूचे लोक अंक जाळत, दुसरं छापलं तर दुसरे. म्हणून आम्ही 'येथील विद्यापीठ' लिहीत असू. त्या माणसानं नाव घेतलं. तेव्हा ते सरकारी कागदावर आलेलं नव्हतं. ज्या नावासाठी लोक तुरुंगात जात होते, ते नाव त्यानं पूर्ण उच्चारलं.

घरमालकानं कप खाली ठेवला. घरमालकीण टोपली घेऊन आत गेली. पोहे बाहेर आले नाहीत.

"खोली हाय तशी," घरमालक म्हणाला, "पण आमच्या साडूचा पोरगा यायचाय कालिजाला. त्येला दिऊन बसलो म्या."

माणूस उठला. त्यानं कप स्वतः नळाखाली धुतला, उपडा ठेवला आणि निघाला. मी कोपऱ्यापर्यंत सोबत गेलो. तिथून परत फिरलो. माझीही खोली त्याचीच होती.

रविवारी दुपारी घरमालकाकडे त्याचा चुलतभाऊ जेवायला आला. तो वेरूळकडच्या गाडीवर कंडक्टर होता. जेवताना घरमालकानं आदल्या दिवशीचा किस्सा सांगितला. कसा ओळखला, तेही सांगितलं.

चुलतभाऊ घास हातात धरून हसायला लागला. "अरे येड्या, त्यो धनगराचा हाय! त्याच्या चुलत्याची मेंढरं दर साली खताला बसतेत आपल्या वावरात. तूच त्यांना ज्वारी मोजून देतो. अन् तू त्याला कोण म्हनून हाकलला?"

"मग त्यानं तसं नाव कामून घेतलं?"

"ते त्याला इचार. लई डोळं तुझं! तू हॅचरीत लाग कामाला."

चार वाजता घरमालकानं लुना काढली आणि मला मागं बसवलं. हॅचरीत तो माणूस बल्ब पुसत होता. सोमवारच्या पिलांची तयारी चालू होती. जरा पलीकडे एक वयस्क बाई पुठ्ठ्याची खोकी जोडत बसली होती.

"लेका, आधी सांगायचं ना!" घरमालक म्हणाला. "आपलंच मानूस निघालं की तुमी!"

"तुमी इचारलं कुठं, मालक? तुमी बघूनच सांगितलं."

"आता तसं नाव घेतल्यावर मानूस काय समजनार?"

"विद्यापीठाचंच घेतलं ना? माझ्या जातीचं तर नाय घेतलं."

"बरं जाऊ द्या. साडूच्या पोराचं रद्द झालं. सामान आना आजच."

"साडूला पोरगा हाय का, मालक?"

घरमालक माझ्याकडे बघायला लागला. मी खोक्यांकडे बघितलं.

"माझी सोय झाली," माणूस म्हणाला आणि हनुवटीनं त्या बाईकडे खूण केली.

"आमच्या पडवीत," बाई म्हणाली. "बाज टाकलीया."

"तुमी कुठं राहता, मावशी?"

"नाल्यापलीकडं."

नाल्यापलीकडे दलितांची वस्ती आहे, हे घरमालकाला माहीत होतं. तो आवाज खाली आणून त्या माणसाला म्हणाला, "तिथं? तुमच्या घरी कळलं म्हंजी?"

"कळू द्या की," बाईच म्हणाली. तिला ऐकू आलं होतं. "त्याचा बाप सकाळीच येऊन बघून गेला. च्या पिऊन गेला."

घरमालक लुनाकडे वळला.

सोमवारी पिलांचा पहिला ट्रे पहाटे पाच चाळीसला बाहेर काढला गेला. त्या दिवसाच्या हजेरीपटावर त्याची सही आहे. सहीसमोर वेळ लिहिली आहे पाच वीस. पुण्याच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवणारी तार मॅनेजरनं त्याच दिवशी, पोस्ट उघडल्यावर, पाठवली.