लिव्हरवाली मॅडम

किस्से चरबीसारखेच साठतात. रोज काही दिसत नाही, आणि एक दिवस पँटचं बटण उडतं! पेणच्या आमच्या डॉक्टर मॅडमचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारावी अर्धवट सोडलेला, वय एकोणीस, वजन शंभरीपार. उजव्या बरगडीखाली जड वाटायचं म्हणून मॅडमनी सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्ट आला, लिव्हरवर चरबी. आमच्या आण्णांना, म्हणजे वडिलांना, लिव्हर म्हटलं की एकच गोष्ट माहीत. दारू! मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी उंबऱ्यात हुकूम, "तोंड उघड!" आणि नाक खुपसून वास. एकोणीस वर्षांच्या घोड्याचा, अख्ख्या आळीसमोर!

*

एवढ्यावर थांबतील तर ते आण्णा कसले? माझा फोटो घेऊन रामवाडीच्या एका बारमध्ये गेले. "हा येतो काय?"

"येतो की. रोज."

आण्णांची छाती फुगली. "काय पितो?"

"पीत नाय वो. चकण्याची भजी बांधून नेतो. दोन प्लेट!"

मॅडमना सांगितलं तर पोट धरून हसल्या. पोट धरायला त्यांना दोन्ही हात पुरायचे नाहीत, माझ्यापेक्षा रुंद बाई. मग एकदम गंभीर. "दारूचं राहू दे. ती भजी सोड."

*

दर गुरुवारी मॅडम रोह्याच्या दवाखान्यात बसायच्या; हा किस्सा त्यांनीच सांगितलेला. तिथे वरसे गावची सुषमा यायची, माझ्याच वयाची, माझ्याच मापाची. आठवडाभर काय खाल्लं ते लिहून आणायचं होतं. तिच्या आईने अर्धं पान आणलं. "पोर काय खातच नाय वो!"

मॅडमनी विचारलं, "सोमवारी पूजा होती ना तुमच्याकडे? शिरा?"

"खाल्ला की. पाच वाट्या."

"मग लिहिला का नाही?"

"आता परसाद कुठं खाण्यात धरत्यात काय?"

देवाच्या नावावर पोरगी फुगवायची, आणि वर 'हिला कोण करणार' म्हणून रडायचं!

*

माझे जुने हेडमास्तर हजेरी घेताना मला 'गोदाम' म्हणायचे. शिक्षण का सोडलं विचारणाऱ्यांनी त्यांना विचारावं. एकदा मॅडमच्या दवाखान्यात, वेटिंगमध्ये भेटले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्याचं डोकं रिकामं, म्हणून पोट भरलं!"

केबिनमधून मॅडमचा आवाज आला, "सर, आत या. तुमचं भरलेलं पोट आठ दिवस रिकामं होत नाहीये, त्याचं आधी बघू!"

*

मॅडमना एक संशय होता. "अजून कुणी नीट सांगत नाही, पण मला वाटतं," त्या म्हणायच्या, "तू एकटा जेवत नाहीस. आतड्यात कोट्यवधी जंतूंची पंगत बसलेली असते. मैदा-तेल वाढशील तर तसलेच पाहुणे मुक्काम ठोकतील, आणि त्यांची घाण थेट लिव्हरच्या दारात." म्हणून ताक, नाचणी, पालेभाजी.

आण्णांनी त्यातला 'जंतू' तेवढा उचलला. मेडिकलमधून जंतू मारायच्या कॅप्सूल आणल्या, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. तीन दिवस मी संडासातच राहायला होतो!

मॅडम कडाडल्या, "पंगत सुधारा म्हटलं होतं, आण्णा. तुम्ही मांडवच पेटवलात!"

*

शेवटी मॅडमनी आण्णांना समोर बसवलं. टेबलावर सोनोग्राफीचे दोन फोटो, नावांवर कागद. "जितकं पांढरं, तितकी चरबी. यातलं एक तुमच्या मुलाचं. ओळखा."

आण्णांनी चष्मा पुसला आणि जास्त पांढऱ्या फोटोवर बोट आपटलं. "ह्यो! पक्का बेवडा हाय. आमच्या दिवट्याशिवाय कोणाचा असणार?"

मॅडमनी कागद उचलला. "हे माझं. आणि मी चहासुद्धा घेत नाही."



संध्याकाळी मी फिरून आलो. उंबऱ्यात आण्णा. सवयीने मी मान खाली केली आणि तोंड उघडलं.

आण्णांचं नाक पुढे आलंच नाही.

"मिट ते," म्हणाले. "माशी जाईल."