नाताळच्या पिक्चरचा शेवट

आमच्या गल्लीत पिक्चरवर मत नाही असा माणूस मिळणार नाही. पाहिला असेल तर एक मत आणि पाहिला नसेल तर दोन. त्यामुळे त्या नाताळला केबलवर दुपारी चारला लागलेल्या पिक्चरवरही संध्याकाळपर्यंत गल्लीभर मतं तयार होती, आणि शेवट तर आमच्या बाजूला कुणीच पाहिलेला नव्हता.

पिक्चर इंग्रजी होता, हिंदीत बोलत होता. थिएटरचा नव्हे, टीव्हीसाठीच काढलेला, रडका. डोंगरातलं लाकडी घर, म्हातारी आई, भांडून निघून गेलेला मुलगा आणि सणाच्या जेवणाला दर वर्षी टेबलावर त्याच्या नावानं मांडलेलं एक जादा ताट. अधूनमधून बर्फ पडायचा. तो पिंजलेला कापूस आहे, असं खालच्या अक्कांनी पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकलं. अक्का गडहिंग्लजकडच्या, निम्मं कानडी बोलणाऱ्या, आमच्या खालच्या खोल्यांत राहायच्या. त्यांच्या माहेरी गाद्यांचं दुकान होतं. त्यामुळे कापसाच्या बाबतीत त्यांच्याशी कुणी वाद घालत नसे.

आई मात्र त्या ताटाकडे बघत होती.

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. वडिलांचा उद्यमनगरात लोखंड कातायचा लेथ होता आणि शाळा सुटल्यापासून तो तिथंच उभा राहायचा. मी बारावीत असताना एका दुपारी त्याच्या हातून लेथवरचा एक जॉब बिघडला आणि वडिलांनी कामगारांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. तो तेलकट कपड्यांवरच बाहेर पडला तो पडलाच. पहिल्या वर्षात कोपऱ्यावरच्या दुकानात दोनदा त्याचा फोन आला. एकदा सुरतेहून, एकदा कुठून ते त्यानं सांगितलं नाही. पुढं तेही बंद झालं. वडील गेले तेव्हा त्याला कळवायला पत्ता नव्हता. चुलतभावानं अग्नी दिला.

भाऊ घर सोडून गेला त्या दिवसापासून आई रोज संध्याकाळी एक भाकरी जास्त थापायची. फडक्यात गुंडाळून भाकऱ्यांच्या वेताच्या बुट्टीत तळाशी ठेवायची. सकाळपर्यंत कुणी आलेलं नसायचं, आणि ती शिळी भाकरी माझ्या डब्यात यायची. मी तेव्हा एका लॅबमध्ये पेशंटांची नावं लिहून घ्यायचं काम करत होते. आईला दवाखान्यात मी न्यायची, गॅसला नंबर मी लावायची, तिच्या गुडघ्यांना तेल मी चोळायची. दोन स्थळं आली होती. आई एकटी कशी राहील म्हणून मीच नको म्हणाले, तर आईनं ‘बरं’ म्हटलं, बाकी काही नाही. आणि रोज दुपारी दीड वाजता मी माझ्या भावाची भाकरी खायची. सात वर्षं खाल्ली. याचा मला राग होता, आणि तो मी कधी कुणाला सांगितला नव्हता.

तर साडेपाचला लाइट गेली. ती भारनियमनाची वर्षं होती, प्रत्येक भागाची वेळ ठरलेली. आमच्या मंगळवार पेठेची साडेपाचची. पिक्चरमधली म्हातारी ताटाशेजारी चमचा ठेवत होती आणि पडदा काळा झाला. अक्का सरकारला दोन शब्द बोलून उठल्या. आई तशीच बसून राहिली.

माझ्या लॅबमधल्या ख्रिश्चन मैत्रिणीनं मला सहाला फराळाला बोलावलं होतं. तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिथली लाइट जाण्याची वेळ वेगळी. मी पोचले तर त्यांच्याकडे तोच पिक्चर चालू. मला करंज्यांची ताटली देऊन सगळ्यांत बसवलं. अशा तऱ्हेनं आमच्या गल्लीतून तो शेवट पाहणारी मी एकटीच झाले.

शेवट काय असणार, कुणीही ओळखावा. दार वाजलं, मुलगा आला, खांद्यावर बर्फ. म्हातारीनं त्याला मिठी मारली. सगळे रडले. मैत्रिणीची आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, असा पिक्चर वर्षातून एकदा तरी बघावा, मन धुऊन निघतं. तिचे वडील म्हणाले, मुलाचं काम करणारा नट जरा जाडा होता, पण बरा वाटला. मी पडद्यावर टेबलामागं बघत होते. त्या घरात एक बहीण होती. सबंध पिक्चरभर तीच लाकडं फोडत होती, आईला गाडीत घालून डॉक्टरकडे नेत होती. भाऊ आला तेव्हा ती हातात मोठं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भाऊ त्या जादा ताटावर बसला, पाहुणे बसले, आई बसली. ती वाढत राहिली. मग बर्फ, गाणं, संपलं.

सगळ्यांना रडू येत होतं आणि माझं डोकं फिरलं होतं. करंजी तशीच हातात राहिली.

घरी आले तेव्हा लाइट यायची होती. आई उंबऱ्याजवळ मेणबत्ती लावून बसली होती. चप्पलही काढू दिली नाही.

"आला का त्यो?" तिनं विचारलं.

"न्हाय आला," मी म्हणाले.

"न्हाय?"

"न्हाय. ताट तसंच उचललं शेवटी."

आई एवढंच म्हणाली, की बरं. मग ती पीठ मळायला बसली. मी आतल्या खोलीत कपडे बदलत थापण्याचा आवाज ऐकत होते. रोज पाच भाकऱ्या व्हायच्या. त्या दिवशी चारवर आवाज थांबला.

मला हवं होतं ते मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी डब्यात ताजी भाकरी होती, मऊ, वर तिळाची चटणी. दोन घास खाल्ले आणि डबा बंद केला. मला स्वतःची लाज वाटत होती, पण संध्याकाळी घरी जाऊन खरं सांगावं एवढी वाटत नव्हती.

इकडे गल्लीत शेवटाची चर्चा आठवडाभर चालली. माहीत नाही असं म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. दूध घालणारा म्हणाला, मुलगा घोड्यावरून आला. कोपऱ्यावरचा दुकानदार दिवसभर गल्ल्यावरून हलला नव्हता. त्याच्या शेवटात मुलगा बायको आणि दोन पोरं घेऊन आला होता. इस्त्रीवालीच्या मते तो आधीच आलेला होता, खिडकीतून बघत होता, आत यायला लाजत होता. एकानंही शेवट पाहिला नव्हता, आणि एकानंही त्या मुलाला लांब ठेवलं नाही. आईसमोर उभं राहून ते दुसरं काय सांगणार होते? तेवढं मन त्या गल्लीला होतं. नव्हतं ते मला.

आई सगळ्यांना एकच सांगायची, तो आला नाही, माझ्या लेकीनं डोळ्यांनी बघितलंय. अक्कांना ते पटेना. सणासुदीला दाखवायचा पिक्चर, त्यात पोरगं घरी येत नाही, असा पिक्चर कोण काढील, असं त्यांचं म्हणणं. त्या जिन्यात माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा आई जे बोलली ते मी विसरू शकलेली नाही.

"माझी पोरगी खोटं बोलत न्हाय, अक्का. त्येवढं एक हाय माझ्याकडं."

मी पाण्याची घागर उचलून वर गेले.

संक्रांतीच्या आधी आईनं भावाचे ट्रंकेतले शर्ट काढून भांडीवालीला दिले. नवा माणूस गल्लीत शिरला की ती गॅलरीच्या कठड्याशी यायची, तेही थांबलं. बाकी सगळं तसंच. जेवायची, झोपायची, देवळाला जायची. नातेवाईक म्हणायचे, बरं झालं, सावरली. मला दिसत होतं की ती सावरलेली नाही. तिनं फक्त एक काम सोडून दिलं होतं, आणि ते मी सोडायला लावलं होतं.

ते चॅनेल दर नाताळला तोच पिक्चर लावतं, हे मला पुढच्या वर्षी कळलं. त्या दिवशी मी आईला मावशीकडे मुरगूडला घेऊन गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही नेलं. मावशी विचारायची, नाताळला तुमचं काय असतं गं इकडं? मी म्हणायची, लॅबला सुट्टी असते.

तिसऱ्या वर्षी आईनं यायला नकार दिला. गुडघे दुखतात म्हणाली. दुपारी चारला तिनं स्वतः टीव्ही लावला. तोवर आमच्या भागाची लाइट जायची वेळ सकाळवर गेली होती. मला वाटलं, आता काहीतरी कारण काढावं, वायर ओढावी. पण मी तिच्याशेजारी बसले. अक्का आल्या नाहीत, त्यांना कापूस पुन्हा बघायचा नव्हता. आम्ही दोघीच होतो.

साडेपाचला ती जागा आली, म्हातारी, चमचा, ताट. या वेळी पडदा काळा झाला नाही, आणि सहा वाजून गेल्यावर शेवट आला. दार वाजलं. मुलगा आत आला. मी आईकडे बघितलं नाही. मिठी झाली, रडणं झालं, सगळे टेबलाला बसले, बर्फ पडला, गाणं लागलं. मग साबणाची जाहिरात आली. आईनं टीव्ही बंद केला.

"तुला ठावं हुतं," ती म्हणाली.

"व्हय."

मला पुढं पुष्कळ बोलायचं होतं. तीन वर्षं मनात तयार करून ठेवलेलं होतं, सात वर्षांच्या भाकरीचं, दोन स्थळांचं, सगळं. आईनं हात वर केला तशी मी थांबले. मग ती आपलं मत सांगावं तशी म्हणाली,

"पिक्चर बरा हाय. पर त्या पोरीला कुणी बस म्हणालं न्हाय."

मला रडू फुटलं. वडील गेले तेव्हा आवरायची कामंच इतकी होती की रडायला सवड झाली नव्हती. तेही त्यात आलं असावं. आईनं जवळ घेतलं वगैरे नाही, आमच्या घरी तशी रीत नव्हती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. मी स्वयंपाकघराकडे वळले तर म्हणाली, "तू बस. आज मी वाढतो." आमच्याकडच्या जुन्या बायका असंच म्हणतात, मी जातो, मी येतो, मी वाढतो. त्या दिवशी ती मला वाढत होती आणि मी बसून खात होते, माणूस दमून घरी आल्यावर खातं तशी.

त्या संध्याकाळी पाच भाकऱ्या झाल्या. पाचवी फडक्यात गुंडाळून तिनं बुट्टीच्या तळाशी ठेवली. माझा भाऊ आजपर्यंत आलेला नाही.

सकाळी डबा भरायला मी सवयीनं बुट्टीत तळाशी हात घातला. तिथं नुसतं फडकं होतं. आई शेगडीशेजारी पाटावर बसली होती, समोर चहाची कपबशी, आणि ती शिळी भाकरी चहात बुडवून खात होती. दात नव्हते, वेळ लागत होता.

"ताजी तव्यावर हाय," ती म्हणाली. "ती तुझी. त्येची मी खातो."