सर्व्हर कधीच बंद न करणारा दादा

दादाला दवाखान्याच्या लॅबमध्ये चिकटवलं ते त्याच्या धाकट्या बहिणीनं. ती तिथं रक्त तपासायची. तो सर्व्हर सांभाळायचा, म्हणजे बहुतेक वेळ शेखीच मिरवायचा. कसली म्हणाल, तर सहा वर्षांत आपण सर्व्हर एकदाही रीस्टार्ट केला नाही याची! सर्व्हर सलग किती वेळ चालू आहे तो आकडा पडद्यावर काढून तो रोज बघायचा. "रीस्टार्ट करणं हे अडाण्यांचं काम," असं तो जेवतानासुद्धा ऐकवायचा. बायकोचा वाढदिवस मात्र या महाशयांना कधी आठवला नाही.

एका दुपारी घरी लोळता लोळता दादासाहेबांना वाटलं, सर्व्हरच्या नेटवर्क जोडणीचं नाव फारच गबाळं आहे, बदलून टाकू. रीस्टार्ट न करता, अर्थातच. नाव बदलायचं तर जोडणी आधी बंद करावी लागते. केली की यानं! आणि घरून हा सर्व्हरशी बोलत होता तो त्याच जोडणीवरून. पुढची कमांड आता पोचणार कुठून? अक्कल गहाण टाकलेला माणूस!

लॅबमध्ये सगळे कॉम्प्युटर अडकले. ऑपरेशन टेबलावर एक बाळंतीण होती, रक्त थांबत नव्हतं, आणि तिला कुठलं रक्त चढवायचं तो रिपोर्ट सर्व्हरमध्ये. तिचा नवरा लॅबच्या काचेबाहेर येऊन उभा राहिला. बहिणीनं फोन लावला.

"दादा, बटण दाबून बंद-चालू करू का?"

"खबरदार हात लावलास तर! मी येऊन नीट करतो. अर्धा तास थांब."

"अर्धा तास? अरे, इथं बाई जाईल!"

"सहा वर्षं आहेत गं ती! तुला नाही कळायचं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन टेबलावर आपटून ती सर्व्हरच्या खोलीत शिरली आणि तिनं बटण दाबून धरलं. सर्व्हर बंद पडला. पुन्हा दाबलं. थोड्या वेळानं जोडणी जुन्याच नावानं मुकाट चालू झाली आणि रिपोर्ट गेला.

दादा धापा टाकत पोचला तेव्हा बाळंतीण वाचल्याचा निरोप आला होता. त्यानं ना बाईचं विचारलं, ना बाळाचं. बहिणीला बाजूला सारून तो कीबोर्डला भिडला.

"वीस मिनिटं," तो रडवेला होऊन म्हणाला. "वीसच मिनिटं दाखवतंय गं!"

तिनं त्याची खुर्ची मागे ओढली.

"ऊठ. तिचा नवरा बाहेर बाकावर बसलाय. त्याला जाऊन सांग तुझी सहा वर्षं."

दादा काही उठला नाही.