तिरानोपर्यंत वीस चमचे

"उजवीकडे वळा. फुलांचं दुकान दिसलं का? बंद आहे? असू दे, बंद असलं तरी दुकान तेच. त्याच्या शेजारून जिना खाली जातो. नाही, बॅग उचलू नका, चार पावलं पुढे सरकता जिना आहे."

कानावरचा हेडफोन खांद्याने सावरत ती हे बोलत होती आणि दोन्ही हातांनी वडिलांना डाव्या कुशीवर वळवत होती. पाठीमागे एक उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये दुसरी, टाच गादीला घासत नाही ना ते बघायचं. दर दोन तासांनी. वडिलांची उजवी बाजू सात वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून या घरात घड्याळाला दुसरं काम राहिलं नव्हतं.

तिकडे मिलानच्या स्टेशनात एक नवराबायको जिना उतरले. "सापडला हो फलाट! देवासारख्या भेटलात. तुम्ही तिकडे कुठे असता, ताई?"

"जवळच," ती म्हणाली.

हे उत्तर तिने इतक्या जणांना दिलं होतं की त्यातला खोटेपणा आता झिजून गेला होता.

युरोपच्या सहली काढणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती नोकरीला होती. एकट्यादुकट्याने फिरणाऱ्यांना कंपनी तिकिटं काढून देई आणि त्यासोबत एक फोन नंबर. तो नंबर हिचा. तिकडे सकाळ झाली की इथे दुपारी तिचा फोन वाजायला लागे. कुणाचा फलाट चुके, कुणाला हॉटेलचं दार सापडेना, कुणी तिकिटावर शिक्का मारायला विसरे. वडिलांच्या पलंगापासून चार हातांवर तिचं टेबल, टेबलावर दोन स्क्रीन, आणि त्या चार हातांत तिने अख्खा युरोप मांडला होता. व्हिएन्नातल्या कुठल्या स्टेशनाच्या कुठल्या लिफ्टमध्ये बाबागाडी मावत नाही, हेही तिला पाठ होतं. ऑफिसात तिला सगळे युरोपबाई म्हणत. स्वतः ती गेल्या वर्षभरात चौकातल्या औषधांच्या दुकानापलीकडे गेली नव्हती. कपाटात पासपोर्ट होता. नऊ वर्षांपूर्वी हौसेने काढलेला, पानं कोरी करकरीत.

शुक्रवारी कंपनीच्या मालकीणबाईंचा फोन आला.

"युरोपबाई, बसलाय की उभ्या आहात?"

"मी कधी बसते?"

"मग बसा आता. आपल्या मोठ्या ग्रुपची लीडर पाय मोडून घेऊन बसलीय. दोन महिन्यांनी निघायचंय, तेरा दिवस. तुम्ही जाता का?"

ती खरंच बसली.

"सोमवारी बारापर्यंत व्हिसाचे कागद जायला हवेत," मालकीणबाई म्हणाल्या. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, ठाऊक आहे मला. पण मला हो किंवा नाही सांगा. 'बघते' सांगू नका."

तिने धाकट्या भावाला फोन लावला. लहानपणी गुटगुटीत होता म्हणून त्याचं नाव ढब्बू पडलं. आता काडीसारखा झाला होता, तरी नाव तेच. दुसऱ्या शहरात तो लिफ्ट दुरुस्त करायची कामं करायचा. तिला वाटलं होतं, तो शंभर कारणं सांगेल. त्याने एकही सांगितलं नाही.

"उद्या येतो," तो म्हणाला. "दोन दिवस नानांचं सगळं मी करतो. तू फक्त बघ. जमलं तर बिनघोर जा."

रात्रीच्या आत तिने चार पानांचं वेळापत्रक लिहून काढलं. तेही सवयीने कंपनीच्या सहलपत्रकासारखंच झालं: सहा दहाला उठवणे, साडेसहाला अंग पुसणे, सात पाचला गोळ्या, कुटून. कुठली कूस कधी, सूप किती घट्ट, भरवताना पाठ किती उभी, गिळल्याची खात्री कशी करायची, खोकला आला तर काय.

शनिवारी सकाळी ढब्बूने ते उभ्या उभ्या वाचलं. "ताई, फोटो काढायला वेळ कुठे ठेवलाय यात?"

"चहा पी आणि कामाला लाग."

तो कामाला लागला, आणि खरं सांगायचं तर चांगला लागला. नानांना वळवताना त्याने आधी एक हात त्यांच्या पाठीखाली घातला आणि नुसता थांबला. "लिफ्ट काय, माणूस काय, आधी वजन समजून घ्यावं लागतं," तो म्हणाला. नाना वळले, कण्हलेसुद्धा नाहीत. ती दारात उभी होती. काय करायचं ते न कळून तिने ओढणीच्या टोकाने दाराची कडी पुसली.

घोडं अडलं ते जेवणापाशी.

"नाना, आ करा. आ... असा." नानांचे ओठ मिटलेले. ढब्बूने चमचा ओठांना लावला, गालाला लावला, लाडीगोडी लावली, शेवटी रागावून पाहिलं. नाना खिडकीकडे बघत राहिले. तोंडाला कुलूप. सूप निवलं, पुन्हा गरम केलं, पुन्हा निवलं. अर्ध्या तासाने त्याने हात टेकले.

"जरा फिरून ये तू," ती म्हणाली. तो गेल्यावर तिने खोलीचं दार लोटून घेतलं.

तो परत आला तेव्हा वाटी घासून पालथी घातलेली होती. "खाल्लं? काय जादू केलीस?"

"भूक लागली असेल तोवर."

संध्याकाळी तेच. रविवारी सकाळी तेच. प्रत्येक वेळी ढब्बू हरायचा, ती त्याला काहीतरी आणायला बाहेर धाडायची आणि वाटी रिकामी व्हायची. घरात लिंबं, साबण आणि मेणबत्त्या नको इतक्या साठल्या.

रविवारी दुपारी तो स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. सुपाची भरलेली वाटी त्याच्या हातातच होती.

"राहू दे, ताई. ते मला ओळखत नाहीत. आणि का ओळखावं? सात वर्षांत किती वेळा आलो मी? पैसे पाठवले की झालं, असंच वाटायचं मला." त्याने वाटी खाली ठेवली. "तू 'नाही' म्हणून कळव ऑफिसात. माझ्यामुळे नाही जमलं म्हण."

तिने गॅस बंद केला. 'नाही' म्हणायचं कारण आयतं हातात आलं होतं, तिच्याकडे दोष न येता. सोमवारी सांगायचं, भावाच्या हातून खात नाहीत हो, मी नसले तर उपाशी राहतील. सगळे हळहळले असते. आणि पुन्हा कुणाचा तरी फलाट चुकला की 'जवळच' म्हणायचं.

वेळापत्रकात चार पानं लिहिली होती. गोळ्या कुटायचा खलबत्ता कुठल्या फळीवर आहे, तेही लिहिलं होतं. एकच गोष्ट तेवढी राहिली होती. लिहिताना विसरले, असं तिने कालपासून स्वतःला चारदा सांगितलं होतं.

"ढब्बू," ती म्हणाली, "त्यांना स्टेशनं सांगावी लागतात."

"काय?"

"प्रत्येक स्टेशनाला दोन चमचे."

मग तिने सांगितलं. चार वर्षांपूर्वी नानांनी असंच खाणं सोडलं होतं. एकदा चमचा हातात घेऊन ती बसली असताना फोन आला. स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या लाल आगगाडीत बसलेली एक घाबरट बाई, एकटीच. तिला धीर यावा म्हणून ही एकेक स्टेशन सांगत गेली. आता थुसिस येईल. आता टीफेनकास्टेल. आणि नानांनी तोंड उघडलं. सगळं आयुष्य त्यांनी बसडेपोत वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत काढलं होतं, माईकवरून गाड्या सोडत. बोलणं गेलं, पण स्टेशन पुकारलं की गाडी थांबते आणि दार उघडतं, हे कुठेतरी शिल्लक होतं. तेव्हापासून रोज तीन वेळा त्या घरातून ती गाडी सुटत होती. कूरपासून तिरानोपर्यंत दहा स्टेशनं, वीस चमचे.

"मग हे लिहिलं का नाहीस?" ढब्बू हसत म्हणाला. पण तिच्या तोंडाकडे पाहून त्याने हसू आवरलं.

"लाज वाटली," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही. लाज नाही. एवढंच काय ते माझ्याशिवाय अडत होतं."

 ढब्बूने औषधाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि पेन्सिल पुढे केली. "सांग. सावकाश."

सूप पुन्हा गरम झालं. तो पलंगाशी बसला, पुठ्ठा गुडघ्यावर ठेवला. "कूर," त्याने वाचलं. नानांची नजर खिडकीवरून वळली. तोंड उघडलं. ढब्बूचा चमचा आत गेला. थुसिस. टीफेनकास्टेल. आनंदाच्या भरात त्याची ओळ चुकली. "तिरानो!"

नानांनी दोन चमचे घेतले आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

"मधली स्टेशनं गाळलीस," ती दारातून म्हणाली. "शेवटचं आलं. गाडी रिकामी झाली आता."

"मग?"

"मग पुन्हा कूरपासून."

ढब्बूने पुठ्ठा खाली ठेवला, मूठ माईकसारखी तोंडाशी धरली आणि नाकातून, थेट डेपोतल्या आवाजात म्हणाला, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. तांत्रिक बिघाडामुळे गाडी पुन्हा कूरहून सुटेल. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

नानांच्या घशातून एक आवाज आला. खोकला असेल म्हणून ती धावली. खोकला नव्हता. नाना हसत होते. अर्ध्या तोंडाने, पण हसत होते.

चार वर्षांत तिला हे सुचलं नव्हतं. ती नीट, बरोबर, एकही स्टेशन न गाळता भरवत आली होती.

या वेळी गाडी तिरानोला पोचली. थोडं सूप गळपट्टीवर सांडलं, आल्प ग्र्युम स्टेशनाला जरा ठसका लागला, ढब्बूने पाठ उभी केली आणि थांबला. सगळं पानावर लिहिल्याप्रमाणे. तिला काही करायचं उरलं नाही. ती टेबलापाशी खुर्चीत बसली. आनंद झाला असेल तर तो अजून तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

सोमवारची वाट न बघता तिने मालकीणबाईंना फोन लावला.

"जाते मी."

"अरे वा! बोला, काय काय विचारायचंय? बर्फ, डोंगर, तळी, सगळं आहे यादीत."

"ते माहीत आहे मला. खोली कशी असते?"

"छान असते. लीडरला वेगळी. तुम्ही एकट्या."

"रात्री कुणी उठवत नाही ना?"

मालकीणबाई हसल्या. "कोण उठवणार तुम्हाला तिकडे?"

"सलग झोपता येईल?"

पलीकडचं हसू थांबलं. "येईल," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"बारा रात्री ना?"

"अकरा. एक विमानात जाते."

तिने डोळे मिटून घेतले. "अकरा पुरतील," ती म्हणाली.